वडप्याला तीनशेच पोचले!

तुम्ही हसणार, मला माहीत आहे. पण हातातला चहा आधी खाली ठेवा, मग सांगते.

दापोड्याच्या एका गोदामात मी कॉम्प्युटर सांभाळते. आमचं दुसरं गोदाम वडप्याला, नाशिक हायवेवर. दापोड्याच्या सगळ्या कॉम्प्युटरांचा बॅकअप इथल्या सर्व्हरवर जमतो आणि त्याची एक प्रत आपोआप वडप्याच्या सर्व्हरवर जाते. इथे आग लागली तरी तिकडे सगळं शाबूत! मालकांच्या, म्हणजे दादांच्या, मागे लागून तो दुसरा सर्व्हर मीच घ्यायला लावला होता.

सोमवारी सकाळी सहज आकडे बघितले. दापोडे, आठ हजार जीबी. वडपे, तीनशे.

तीनशे? बाकीचा डेटा गेला कुठे? नाशिक हायवेवर सांडला?

वडप्याचे सुपरवायझर बाळारामभाऊ, त्यांना फोन लावला. "भाऊ, सर्व्हरला कोणी हात लावला?"

"न्हाय ओ मॅडम! सकालची अगरबत्ती लावतो, तेवरीच."

"सर्व्हरला अगरबत्ती?"

"मशीन हाय ना ती!"

झालं! मला वाटलं, धूर आत गेला आणि सर्व्हर बसला. म्हणजे कित्येक दिवस प्रत नीट गेलीच नाही. आणि इथला जुना सर्व्हर तर आज-उद्या मान टाकेल असा घरघरतोय. तो गेला तर संपलंच!

मी तडक ऑफिसच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "कोणी काही टाइप करू नका! आधी सगळं डिस्कवर उतरवून घेते!"

कॉम्प्युटर थांबले. कॉम्प्युटर थांबले म्हणून गेटपास थांबले. गेटपास नाही म्हणून गाड्या थांबल्या. तासाभरात रांग गेटबाहेर, रस्त्यावर. हॉर्न तर असे, जणू वरातच आली आहे.

दादा धावत आले. "काय झाला गो?"

"दादा, आपला डेटा गेला."

दादा खुर्चीवर बसले ते बसलेच. "सगला?"

"जवळजवळ."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. कोणीतरी पाणी आणलं, ते मीच पिऊन टाकलं. मग सर्व्हर कंपनीला फोन लावला आणि सगळी कहाणी सांगितली, अगरबत्तीसकट.

तिकडचा इंजिनीअर शांतपणे म्हणाला, "मॅडम, वडप्यावरून एखादी फाइल परत काढून बघितलीत का?"

नव्हती बघितली. काढली. आली! दुसरी काढली, तीही आली. दोन वर्षांपूर्वीची काढली, तीसुद्धा हजर!

"अहो, पण आकडा तीनशे..."

"डीडुप्लिकेशन चालू आहे ना. एकच गोष्ट चाळीस कॉम्प्युटरांवर असली तरी ती एकदाच साठवायची आणि एकदाच पाठवायची. आठ हजार ही तुमच्या सगळ्या बॅकअपची नुसती बेरीज. खरी जागा तीनशेच लागते."

"हे चालू कोणी केलं?" मी आवाज चढवला.

पलीकडे कीबोर्डची टकटक. "मॅडम, इथे तुमचंच नाव दिसतंय."

आठवलं. 'जागा वाचवायची आहे का?' असं मशीनने विचारलं होतं. फुकट वाचतेय म्हणून मी हो म्हटलं होतं!

दादांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. एवढंच म्हणाले, "आता भायेर जा, नि तूच सांग त्या डायवरांना."

गेले. रांगेतला पहिला ड्रायव्हर टपावरून उतरून समोर आला. "मॅडम, सुना आपका कुछ गुम हो गया था. मिला?"

"हां, मिल गया."

"शुक्र है! किधर था?"

काय सांगणार? "जिधर रखा था, उधरीच था."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागच्या गाड्यांकडे वळून हाक दिली, "चलो भाई, गाड़ी निकालो! मॅडम ने देखा नहीं था!"