खामगावहून चौघांना आणलं

चि. सुधाकर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पोट आता कसं आहे? कॅन्टीनचं तेलकट सोडलंस ना? सौ. मालतीची कंबर दुखत होती, शेक चालू आहे का? बेबीला दात आले का? मी ठणठणीत. तुझी आई गेल्यापासून स्वयंपाक तो काय, दोन भाकरीत आटोपतो.

तू मागितलेली ती जुनी जाहिरात आणायला परवा खामगावला जाऊन आलो. कधी तुला जायचं झालं तर ध्यानात ठेव. नांदुऱ्याहून पॅसेंजर धरायची, जलंबला बदलायची. खामगावची गाडी आपल्या मर्जीनं सुटते, तोवर स्टेशनावरची गरम भजी खाऊन घ्यायची. तिकीट स्वस्त, भजी त्याहून. उतरलास की सरकीचा वास येतो त्या अंगानं चालत राहा, बाजार लागतो.

रेडिओच्या दुकानाच्या शेठनं तुझं नाव काढताच माळ्यावरून पुठ्ठा उतरवला. चांगला पुरुषभर उंच. तुझ्या विलायती बँडचे चौघं केसाळ गडी, खाली रेकॉर्डचं नाव. जाहिरातीसाठी दुकानात उभा करायला कंपनीनं धाडलेला.

"या रेकॉर्डमध्ये नवीन गाणी कोणती?" मी विचारलं.

"नवं कायचं, काका! जुनेच निवडून गोळा केले. रातच्या वरणाले सकाळी फोडणी देल्ली समजा."

पैसे काही घेईनात, वर चहा पाजला. मग म्हणाले, "घडी करून देऊ काय? पोस्टानं जाते मंग."

"नाही, नाही! घडी नका करू!" मी एवढ्या मोठ्यानं बोललो की गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

"काऊन हो? एवढं धूड नेसान कसं?"

"डोक्यावर."

परतीच्या डब्यात एक म्हातारी सरकून बसली. पुठ्ठ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, हे चौघंही तुमचेच पोरं काय हो?" डबा हसला, मीही हसलो.

"नाही वो माय. माहा एकच हाये. मुंबईले."

"मंग येते काय नाही भेटाले?"

मी खिडकीबाहेर कापसाच्या गाड्या पाहत बसलो.

आता ते चौघं ओसरीत भिंतीला टेकून आहेत. काल ताट वाढून त्यांच्या समोर बसलो. सोबत वाटली.

सुधाकर, घडी केली असती तर पुठ्ठा पार्सलात मावला असता. मी करू दिली नाही. रागावू नको. तीन दिवाळ्या झाल्या बाबा, तू आला नाहीस. पुठ्ठा न्यायला तरी ये, मालतीला नि बेबीला घेऊन ये. कोणत्या गाडीनं येता ते लवकर लिही.