फरशीखालचं झाकण

त्यांना सगळे झाकणराव म्हणत आणि हे नाव त्यांनी स्वतःच्याच तोंडाने कमावलं होतं. सांडपाण्याच्या नळकामात तीस वर्षं घालवलेला हा माणूस कुठल्याही बांधकामावर गेला की आधी झाकणं मोजायचा. "झाकण दिसलं पाहिजे, उघडलं पाहिजे, आत हात गेला पाहिजे," हे त्यांचं पालुपद. नियम तोंडपाठ. ज्या खोलीची जमीन रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणापेक्षा खाली, तिच्या नळीला उलटं येणारं पाणी अडवणारी झडप हवीच. ती दर सहा महिन्यांनी उघडून साफ व्हायला हवी. एका घरमालकाने अशा झडपेवर कपाट ठेवलं, तर कपाट हलेपर्यंत झाकणरावांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली नाही. लोक मागे हसायचे, पण काम त्यांनाच द्यायचे.

असा हा कडक माणूस बहिणीपुढे मात्र मऊ पडला.

बहिणीचं घर उतारावर होतं. तिच्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि जिना चढणं संपलं, तेव्हा मागच्या अंगणात उघडणारी खालची खोली त्यांच्यासाठी तयार करायची ठरली. खोली रस्त्याच्या कितीतरी खाली. न्हाणीघर झाकणरावांनीच बांधलं, दाराशी झडप बसवली, वर लोखंडी झाकण ठेवलं. महिन्याभरात सासरे त्या झाकणाला अडखळून पडले. त्यांची चार पायांची काठी झाकणाच्या कडेत अडकायची.

"दादा, काहीतरी कर ना रे," बहीण म्हणाली. "पुन्हा पडले तर उठायचे नाहीत. वरून फरशी घाल."

"नियमात बसत नाही गं."

"नियमाला काय, त्याला थोडंच चालायचंय!"

मेहुणे कामावर असताना झाकणरावांनी फरशी घातली. सिमेंट लावलं नाही, सांधे नुसते पांढऱ्या लुकणाने भरले आणि एका कोपऱ्याचा टवका उडवून खूण ठेवली. सहा महिन्यांनी उचलू, असं स्वतःला बजावलं. सहा महिने झाले तेव्हा सासऱ्यांना ताप होता, त्यांना कुठे हलवायचं? मग काम आलं. मग पुढच्या खेपेला. दोन वर्षं ते त्या खोलीत येत होते, म्हाताऱ्याशी गप्पा मारत होते, चहा पीत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांची नजर त्या टवक्याकडे जायची. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

रस्त्यावरचं मोठं गटार एका दुपारी तुंबलं. मेहुणे कामावर होते, बहीण औषधं आणायला गेली होती. पाऊण तासात ती परतली, तेव्हा खालच्या खोलीत वीतभर घाण पाणी होतं आणि सासरे पलंगाशेजारी पडलेले. उठून बाहेर पडायची धडपड केली असणार. ती घाण छातीत गेली. चौथ्या दिवशी ते दवाखान्यात वारले.

तेरा दिवस सरले आणि पालिकेचा तपासनीस आला. न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून त्याने विचारलं, "झडप कुठाय?"

"अशी झडप असते, हेच मला माहीत नव्हतं," मेहुणे म्हणाले.

बहीण पटकन पुढे झाली. "आहे हो. फरशीखाली आहे. मीच गवंड्याकडून फरशी घालून घेतली. दादाने आधीच बजावलं होतं, मी ऐकलं नाही."

मेहुण्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती नजर झाकणरावांनी पाहिली. गप्प राहिले असते तर नळकामाचा परवाना वाचला असता, नाव वाचलं असतं. बहिणीचा संसार मात्र त्या नजरेखाली जन्मभर गेला असता.

त्यांनी पिशवीतून छिन्नी काढली, खाली बसले आणि शोधाशोध न करता टवक्याच्या कोपऱ्यात ती घातली. फरशी एका झटक्यात सुटली. झाकण उघडून त्यांनी हात आत घातला. अंग पुसायच्या कापडाचा बोळा त्यांनी बाहेर काढला. तो झडपेत अडकला होता, त्यामुळे ती अर्धी उघडीच राहिली होती. साफ करायला दोन मिनिटंही लागली नसती.

"ती खोटं बोलतेय," ते म्हणाले. "फरशी मी घातली. ही खूणही माझीच."

तपासनिसाने लिहून घेतलं, परवाना मागून घेतला आणि तो गेला. बहीण भिंतीला टेकून रडत होती. मेहुणे त्या बोळ्याकडे बघत होते. झाकणरावांना त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. झाकण लावून ते उठले आणि सवयीने फरशी परत बसवायला हातात घेतली.

"ती राहू द्या, दादा," मेहुणे म्हणाले. "झाकण आता दिसू द्या. त्याला अडखळणारं कुणी राहिलं नाही."