धाकट्याचं डोकं

केशकर्तनाचं दुकान दोघा भावांचं. थोरल्याच्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसावं लागे, कारण तो वस्तरा हातात घेऊन भांडायचा. धाकट्याकडे बसलं की गप्पांनी कान किटायचे, पण जागेवर राहायचे.

तरुणपणी दोघांनी छळछावणीत दिवस काढले होते, काटेरी तारांच्या आत. त्यावर थोरल्यानं म्हातारपणी पुस्तक लिहायला घेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो चष्मा नाकावर सारून वाचून दाखवी, त्याची बायको भाजी निवडत ऐके आणि धाकटा मध्ये मध्ये नाक खुपसे.

"सूप पातळ होतं असं काय लिहितोस? त्यात आपलं तोंड दिसायचं, ते लिही की."

"पुस्तक कोण लिहितंय?"

"आणि उपाशी कोण होतं?"

"अहो, दोघं दोन पुस्तकं लिहा," वहिनी म्हणे, "पण दुकानाच्या बाहेर बसून."

शेवटच्या दुपारी ते पान आलं. नव्या कैद्यांचे केस काढायच्या कामावर थोरल्याला जुंपलं होतं. समोर माणसं नव्हती, डोकी होती, असं त्यानं लिहिलं होतं आणि ते अगदी खरं होतं. मान दाबायची, मशीन फिरवायचं, पुढचा. मग त्यानं वाचलं, "त्या रांगेत माझा भाऊ आला. त्याला बघताच माझा हात थरथरला."

धाकट्याला सगळं आठवत होतं. हातबित काही थरथरला नव्हता. थोरल्यानं त्याची मान दाबली होती, केस उतरवले होते आणि "पुढचा" म्हणून त्याला ढकलून दिलं होतं. हे धाकट्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या कागद छापखान्यात जाणार होते. गप्प बसावं तर एवढ्या खऱ्या पुस्तकात ही ओळ खोटी राहणार, बोलावं तर म्हातारा खचणार. त्या बडबड्याला जन्मात पहिल्यांदा बोलायचं जिवावर आलं.

"दादा, तू मला ओळखलं नव्हतंस."

"काहीतरीच! सख्खा भाऊ ना तू माझा?"

"दुसऱ्या दिवशी ओळखलंस. मी झोपेत तुझं पांघरूण ओढलं आणि तू मला शिवी हासडलीस. आपल्या घरातली, खास तुझी. तेव्हा कुठे आपण एकमेकांना सापडलो."

वहिनीला हसू फुटलं. थोरला हसला नाही. त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले आणि विचारलं, "मग तू का नाही हाक मारलीस? माझं तोंड तर तुला दिसत होतं."

हे धाकट्यानं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"दिसत होतं," तो हळूच म्हणाला. "पण मला वाटलं, कुणीतरी न्हावी आहे. मला कुणी भाऊ आहे, हेच डोक्यातून गेलं होतं रे."

थोरल्यानं ती ओळ खोडली. दुसरी लिहिली आणि मोठ्यानं वाचली, "माझ्या हाताखाली माझा भाऊ होता. मी त्याला ओळखलं नाही, त्यानं मला ओळखलं नाही. छावणीवाल्यांना आमचं हेच करायचं होतं."

"आता शिवीही लिही," धाकटा म्हणाला.

"छापतील का?"

"न छापायला काय झालं?" वहिनी म्हणाली. "तिच्यामुळे तुम्ही दोघं माणसात आलात. अख्खी लिहा."

थोरल्यानं अख्खी लिहिली.