नऊ दगडांना आठ किलोमीटर

केळीची लोंगरं, म्हणजे अख्खे घड, ट्रकमध्ये रचायचं काम आमच्या घरात माझं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी ते मला शिकवलं. तळाला सुक्या केळपानांचा थर, त्यावर लोंगरं, सगळे दांडे एका बाजूला आणि दोन लोंगरांच्या मध्ये पुन्हा पान. केळं केळ्याला घासता कामा नये. घासलं की दुसऱ्या दिवशी त्या जागी काळा डाग उठतो. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. घरात पाहुणे आले की मी मागच्या दाराशी. पण लोंगरं रचताना मी गड्यांनाही सांगत असे, हे इथे नको, तिकडे ठेवा, आणि ते ऐकत.

ट्रक हे स्वतः चालवायचे. वडिलांनी घालून दिलेला नियम ह्यांनी कधी मोडला नाही. माल भरलेला असला की मीटरचा काटा चाळीसच्या पुढे न्यायचा नाही. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. वेगात माल हादरतो आणि केळं केळ्याला घासतं.

तेव्हा विरारला इमारती उठायला लागल्या होत्या, नायगावच्या बाजूला अजून मिठागरं होती आणि आमच्या सांडोर गावाच्या आसपास वाड्यांत, म्हणजे बागांत, केळी होती. वाडीतून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतची वाट फार वाईट. पावसाळा सरला की तिच्यात एवढे खड्डे पडत की ट्रकचं पोट खाली घासे. म्हणून एका वर्षी ह्यांनी सहाही टायर एक नंबर मोठे बसवून आणले. ट्रक उंच झाला. पोट घासायचं थांबलं. मला मात्र मागे चढायला खाली पाट ठेवावा लागू लागला, आणि त्यावरून गडी हसत.

त्यानंतरच माल डागी जायला लागला. दलालाने पहिल्यांदा नुसतं सांगितलं. दुसऱ्या खेपेला तोंड वाकडं केलं. तिसऱ्या खेपेला चार लोंगरं वेगळी काढून ट्रकमध्येच परत ठेवली. ती अंगणात उतरवली तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी केळ्यांची एक फणी उचलून फिरवून पाहिली.

"हात बदलला का कोनाचा?" त्या म्हणाल्या.

"आई, मी नेहमीसारखीच रचलीत," मी म्हटलं. ते बहुतेक त्यांना ऐकूही गेलं नसेल.

"नेहमीसारखी रचली आनि काली कशी पडली? पोरांच्या अभ्यासात ध्यान जातंय हिचं. आता दोन खेपा बघते. नाय सुधारलं तर धाकटी रचेल. तू चुलीचं बघ."

धाकटी जाऊ दारात उभी होती. ती खाली बघत राहिली. ती वाईट नव्हती. पण तिला ते काम मिळालं असतं तर मला पुन्हा मिळालं नसतं, एवढं मला कळत होतं. हे काहीच बोलले नाहीत. सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

पुढच्या खेपेला निघताना हे रागातच म्हणाले, "चल बरोबर. माल उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

मी ट्रकमध्ये पुढे कधी बसले नव्हते. पदर घट्ट धरून खिडकीशी बसले. ह्यांच्याकडे बघवेना म्हणून बाहेर बघू लागले, आणि हायवेला लागल्यावर किलोमीटरचे दगड मोजू लागले. मला लहानपणापासून मोजायची सवय आहे. समोर मीटर होता. त्याच्या किलोमीटर मोजणाऱ्या चौकोनातला शेवटचा आकडा दगडाबरोबर बदलतो का, ते पाहायला लागले. पहिल्या दगडाला बदलला. दुसऱ्याला थोडा मागे राहिला. पुढे आणखी मागे. नऊ दगड गेले आणि मीटरचा आकडा आठच पुढे सरकला होता. माझंच चुकलं असेल म्हणून पुढचे नऊ मोजले. पुन्हा आठ.

बाजारात लोंगरं उतरली. डाग होतेच. दलाल ह्यांना म्हणाला, "भाऊ, तुमचा माल आता दुसऱ्यांसारखाच यायला लागला." हे मान खाली घालून उभे राहिले. मी गाडीतच बसून सगळं बघत होते.

परतताना पुन्हा मोजलं. ट्रक रिकामा होता. शेवटी मी म्हटलं, "अहो, मीटर मागे पडतोय."

"कुठे मागे?"

"नऊ दगड गेले की ह्यात आठच पडतात."

"दगड काय, सरकारी. कोण मोजून लावतोय?"

"जातानाही तसंच झालं. चार वेळा मोजलं."

"सगळ्या वाटेत मोजत होतीस?"

"हो."

"मला वाटलं झोपलीस."

पण त्यांनी पुढचे नऊ दगड स्वतः मोजले. मला ते ओठ हलवताना दिसत होते. मग त्यांनी ट्रक बाजूला घेतला, खाली उतरले आणि पुढच्या टायरवर हात ठेवून उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "चाकाचा फेरा वाढला. मीटर फेरेच मोजतो ना. मग काटा चाळीसवर असताना आपण किती जात होतो?"

मी मनात पाढा म्हटला. "आठाला एक जास्त. आठा पाचा चाळीस. पाच जास्त, म्हणजे पंचेचाळीस."

"बाबा असते तर मला खाली उतरवलं असतं," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी नीट बोलत होते.

घरी सासूबाईंना ते पटलं नाही. "आता मोटारीवर ढकला," त्या म्हणाल्या. "एक खेप ऱ्हायलीय. काय तो मीटर नीट करा. तरी डाग आलेच तर मग कोनी मध्ये बोलायचं नाय."

फाट्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. मी गाडीतच बसले. मिस्त्री गाडीखाली शिरला, गिअरबॉक्समधून मीटरची वायर सोडवली आणि तिच्या टोकाचं पांढरं दातेरी चाक काढून आणलं. अंगठ्याएवढं असेल. त्याचे दाते त्याने मोजले. अठरा. मग एका डब्यातून तसलीच चाकं जमिनीवर ओतली.

"टायर मोठा बसवला, तर हा पण मोठा पाहिजे. वीसवाला टाकतो," तो म्हणाला.

माझ्या माहेरच्या विहिरीवर रहाट होता. बैल ज्याला फिरवायचा ते चाक मोठं होतं, आणि त्याच्या दात्यांत अडकलेलं लहान चाक भरभर फिरे. दाते कमी म्हणून भरभर. मीटर मागे पडतोय तर त्याला जास्त फिरवायला हवं, आणि हा तर कमी फिरवायला निघाला होता. सांगायला हवं होतं. मी खिडकीची कड धरून बसले होते. तो वीसवालं चाक घेऊन वाकला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कमी दात्यांचं घाला. सोळाचं."

मिस्त्रीने वर पाहिलं. "वहिनी, गाडी तुम्ही चालवता काय?"

बाजूचे दोघे हसले. तरी मी ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "आठ आणि नऊ. आठ दुणे सोळा, नऊ दुणे अठरा."

ह्यांनी जमिनीवरच्या चाकांकडे पाहिलं. ते हिशेब करत होते की लाजत होते, मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, "ती सांगते ते बसव."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर तुझा वीसवाला आहेच. कुठे पळून जातोय?"

सोळा दात्यांचं चाक बसवून आम्ही हायवेला गेलो. दोघेही मोठ्याने मोजत होतो. नवव्या दगडापाशी मीटरमध्ये नववा आकडा वर आला. हे हसले आणि मला म्हणाले, "आता बोल."

दोन दिवसांनी शेवटची खेप होती. सासूबाई खुर्ची टाकून मी रचते ते बघत बसल्या. हे चाळीसने गेले, खऱ्या चाळीसने. परत आले तेव्हा ट्रकमध्ये एकही लोंगर नव्हतं. "दोनचार डाग होते, पण सगळा माल घेतला," त्यांनी ओट्यावरच सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाकटीला सासूबाईंनी मासळी साफ करायला बसवलं आणि मला म्हणाल्या, "पुढल्या खेपेला पानं लागतील. सुकलीत का बघून घे."

घरात सगळे अजून धरून चालतात की मीटरमुळे माल सुधारला. हे तर मिस्त्रीची गोष्ट पाहुण्यांना हसत सांगतात आणि मी आत निघून जाते. पण त्या शेवटच्या खेपेला मी तळाला पानांचा नेहमीचा एकच थर दिला नव्हता. सासूबाई खुर्ची आणायला गेल्या तेवढ्यात दोन दिले होते. ट्रक उंच झाल्यापासून मागे जास्त हलतो, असं मला त्या प्रवासात बसल्या बसल्या वाटलं होतं. मग डाग कशामुळे गेले, मीटरमुळे की पानांमुळे, मला आजही ठाऊक नाही. त्यानंतर दर खेपेला मी दोन थर देत राहिले, वाडीत केळी होती तोपर्यंत, आणि कोणी विचारलं नाही.