वसंतासाठी, जोडाक्षरं वगळून

वसंता काल सकाळी गेला. अर्धा चहा तसाच राहिला म्हणे.

तुमच्यापैकी बरेच जण त्याला ओळखतात ते इथल्या कॉमेंट्समुळेच. इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करणारा आणि मला "डब्बेजी" म्हणणारा तो म्हातारा.

आम्ही इंदूरच्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. कवितेचा तास आला की चाल त्याची, पाठांतर माझं. पुढे तो रेल्वेत लागला, मी वीज खात्यात. तरी संध्याकाळी राजवाड्यासमोर भेट ठरलेली. शाळेतली एखादी कविता अर्धी त्याला आठवायची, अर्धी मला.

वहिनी गेल्या आणि तो सांवेरला मुलाकडे राहायला गेला.

सूनबाई तिकडच्याच, मालवी बोलणाऱ्या. नातवंडं हिंदीत हसणारी. "घर सोन्यासारखं आहे भिया," तो म्हणायचा, "फक्त मराठीत भांडायला कुणी नाही."

कान गेले होते, म्हणून फोनवर बोलणं म्हणजे नुसता आरडाओरडा.

उरला तो त्याचा बटणांचा छोटा फोन. हात थरथरायचे, पण बटणं बोटांना पाठ होती. त्यात एक हलकाफुलका ब्राउझर. फोटो बंद, व्हिडिओ बंद, फक्त अक्षरं. नेटवर्कची एक काडी असली तरी ही साईट त्यात उघडायची.

त्याची सगळी मराठी त्या एवढ्याशा खिडकीतून यायची.

एकच भानगड होती. जोडाक्षर आलं की तो ब्राउझर अडखळायचा आणि तिथे चौकोन टाकून मोकळा व्हायचा.

आणि माझं नाव प्रद्युम्न!

त्याची पहिली कॉमेंट अजून आहे: "ये कौन डब्बा-डब्बा-डब्बा माझ्या वॉलवर येऊन बसलाय?"

झालं. साठ वर्षांची मैत्री, आणि मी डब्बेजी.

मग मी ठरवलं, वसंतासाठी लिहायचं ते जोडाक्षर टाळून. पहिलीच्या पुस्तकातल्या पहिल्या धड्यांसारखं.

करून बघा. "माझ्या" नाही, "तुझ्या" नाही. "मित्र" लिहिता येईना. "दोस्त" म्हणावं तर तिथेही स्त. शेवटी "यार" चालला.

प्रेम गेलं, माया राहिली. नक्षत्र गेलं, चांदणं राहिलं. आठवणीतली कविता टाईप करायला बसावं, तर तिसऱ्या ओळीत "स्वप्न" आडवं यायचं आणि मी चष्मा काढून खिडकीबाहेर बघत बसायचो.

पुण्याहून लेकीचा घाबरून फोन आला. "बाबा, तुम्ही पहिलीतल्या मुलासारखं का लिहिताय? तोंड वाकडं नाही ना झालं? डॉक्टरांकडे जा आधी!"

तिला सांगितलं, तोंड सरळ आहे. वसंताचा फोन वाकडा आहे.

मग मुलाने त्याला मोठा, झकास टचचा फोन घेऊन दिला. सगळं स्वच्छ दिसणार. मला कोण आनंद! इतके दिवस कोंडलेली जोडाक्षरं मी मोकळी सोडली. "स्मृतिगंध" काय, "हृदयस्पर्शी" काय.

वसंताचा मात्र एक शब्द नाही. आठवडे गेले.

शेवटी सांवेरची बस पकडली. दारातच सूनबाई म्हणाल्या, "काकाजी, बाबूजी तो बोलना ही भूल गए."

तो ओट्यावर बसला होता. मी कानाशी जाऊन ओरडलो, "काय रे, रुसलास?"

"एक दाबायला जातो, तीन उघडतात," तो हळूच म्हणाला. "आपल्या वर्गातल्या केशवची बायको गेली ना, तिथे माझ्या बोटाने हसरा चेहरा दाबला. काढायला गेलो, तर ती बातमी माझ्याच वॉलवर शेअर झाली. केशवला काय वाटलं असेल? हात लावणं सोडलंय मी."

मी मुलाकडे पाहिलं. त्याने गुपचूप कपाटातून जुना फोन आणला. "काका, मला वाटलं नवीन में सब क्लिअर दिसेल..."

त्याची काय चूक? मायेनेच घेतला होता.

सिम बदललं. चार्ज केला. ती चिमुकली खिडकी उघडली आणि वसंता माझ्या नव्या पोस्ट वाचायला लागला. चौकोनच चौकोन!

"हे बघ डब्बेजी," तो म्हणाला, "चार जोडाक्षरं मिळाली काय आणि तू थेट अध्यक्षीय भाषण ठोकायला लागलास. आधीचा बरा होतास यार. माझ्याशी बोलायचास."

घरभर हसू फुटलं. सूनबाई आतून म्हणाल्या, "लो, बोलने लगे!"

आधी त्याने केशवची माफी मागितली, त्याच फोनवरून. मग परवापर्यंत रोज लिहीत होता. परवाही माझ्या ऱ्हस्व-दीर्घावरून भांडला.

आज त्याच्या मुलाच्या पोस्टखाली आपण सगळे नेहमीचे ते दोन शब्द लिहितोय. लिहा, मनापासूनच लिहिताय. पण वसंताला त्यांत निम्मे चौकोन दिसले असते.

मी आपलं त्याला वाचता येईल असं लिहितो.

वसंता, यार,

काल घाटावर सगळे आले होते. ऊन फार होतं. केशव आला होता. तुझा हात धरून बसला.

मुलगा खूप रडला. सूनबाई तर बोलेचनात.

मी तिथे रडलो नाही. घरी आलो, फोन उघडला, मग रडलो.

तू सावकाश जा. आता हात थरथरणार नाहीत.

तिकडे मराठी बोलणारं कुणी नसेल, तर थोडी वाट बघ.

येतो.