पथ्य सुटलं त्या दिवसानंतर

"क्रिएटिनिन अकरा आहे," चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठणारी घाण. ती बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. महिनाभर पाय सुजत होते. तलावाच्या पाण्यात उभं राहून सुजत असतील, असं आम्ही समजत होतो.

आमच्या घरी काय शिजणार हे यांच्या मनावर असे. गाव ब्रह्मपुरीजवळ, धंदा मासेमारीचा. तलावावरून जाळं घेऊन परततानाच यांचं ठरलेलं असायचं. राग आला असेल तर तिखटजाळ सुकट, खुशीत असले तर अंबाडी घातलेली मासोळी, पाऊस लागून राहिला की वास्ते, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी. मी कुरकुर करायची, पण करायची.

आता भिंतीवर आहाराचा कागद लागला. मीठ नाही, टमाटर नाही, पाणी मोजून. आठवड्यातून दोनदा जीपने डायलिसिसला, म्हणजे मशीनवर रक्त धुवायला. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, भाजी उकळा, पाणी काढा, मग शिजवा. भाजीतलं पोटॅशियम, म्हणजे वाढलं तर हृदयाला बाधणारा क्षार, त्या पाण्यात उतरतं, हे मला नंतर कळलं.

पाणी मी काढलं. पण आमच्याकडे भाताची पेज कोणी फेकत नाही, ती आजाऱ्याला देतात. हे पाणीही मला तसंच वाटलं. सगळा कस त्यातच उतरला असेल म्हणून रोज वाटीभर यांना पाजलं. त्या दिवसांत यांनी आवडीने घेतलेलं तेवढंच. आठव्या दिवशी हृदयाचे ठोके चुकू लागले आणि यांना आयसीयूत, अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणून सांगते, तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर ते पाणी फेका, नालीत फेका.

त्यातून हे वाचले, पण पुढे मशीन झेपेना. मशीन सुरू झालं की बीपी उतरायचं. एक दिवस डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"बाई, आता पथ्य सोडा. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या."

क्षणभर मला आनंदच झाला. बाकावर जाऊन बसल्यावर त्यांचं बोलणं कळलं.

घरी आल्यापासून रोज सकाळी विचारते, काय करू. हे नुसती मान हलवतात. जन्मभर मनासारखं खाल्लेला माणूस, त्याला कशाचंच मन होईना. मला त्याचा रागही येतो, खोटं कशाला सांगू.

परवा यांनीच विचारलं, "तुले काय खावंसं वाटून राह्यलं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी झिंगे म्हटलं. झिंगे यांच्या आवडीचे, वासाने तरी मन होईल म्हणून. रांधून ताट घेऊन मी खाटेजवळ बसले. यांनी घास घेतला नाही. मला खाताना हे पाहत राहिले.

"मीठ बराबर हाय काय?"

पहिल्या घासालाच मला कळलं होतं. इतक्या महिन्यांच्या सवयीने हात मिठाच्या डब्याकडे गेलाच नव्हता.

"बराबर हाय," मी म्हटलं, आणि सगळं ताट संपवलं.