मावळातले बोडके ऐन आणि एक चुकलेला नकाशा

फुकटचा मदतनीस हवा असला की माझ्या धाकट्या बहिणीला रक्ताचं नातं आठवतं. मीनाक्षी तळेगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सध्या तिचा अभ्यास चाललाय तो राखीव जंगलाच्या कडेच्या जमिनींचा: वापर बदलला की झाडांतला, मातीतला कार्बनचा साठा किती घटतो. "दादा, टेपचं दुसरं टोक धरायला चल," ती म्हणाली. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवून एवढी पात्रता आली होती, निघालो.

तळेगावहून सकाळची लोकल पकडून कामशेतला उतरा. वडिवळे धरणाकडे जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर रिकाम्या जागांचेही पैसे द्या, नसेल तर वडापाव खा. आम्ही दोन-दोन खाल्ले. धरणाच्या पुढे पायीच जावं लागतं. पाणी जवळ ठेवा. मार्चमधलं ऊन दहालाच चढतं.

मीनाक्षीच्या नकाशावर आम्हाला मोजायचा तुकडा तांबडा होता. उपग्रहाच्या छायाचित्रावरून तिने त्याची नोंद 'पडीक, झाडं नाहीत' अशी केली होती. जागेवर पोचलो तर उतारावर ऐनाची झाडंच झाडं! फक्त फांद्या छाटलेल्या आणि शेंड्याला तेवढा एकेक झुबका. मुंजीतल्या बटूंची पंगत बसावी तशी.

जमिनीचे मालक आबा बांधावर बसले होते. त्यांचा मुलगा संतोष पवनानगरला पर्यटकांच्या तंबूंच्या एका कॅम्पवर काम करतो. त्याला ऐन काढून इथे स्वतःचे तंबू टाकायचे होते. नकाशा बघून तो खुलला.

"बघा आबा, मॅडमच्या नकाशात बी पडीकच हाय. मंग राखायचं कशाला?"

"पडीक?" आबा माझ्याकडेच वळले. "अवो, ह्या डहाळ्या आमी राबाला घेतो. भाताच्या वाफ्यावर पसरून भाजायच्या, मग रोप जोमात येतं. पर शेंड्याला हात लावायचा न्हाई. माज्या आज्यानं लावला न्हाई, मी बी न्हाई."

वरून बघणाऱ्या उपग्रहाला हे कुठून कळणार? मीनाक्षीने ओशाळून टेप काढला. "ऐनाला संस्कृतात असन म्हणतात," अशी मी मोलाची भर घातली.

"म्हनत असतील," आबा म्हणाले. "टेप सरळ धरा."

घेर मोजत गेलो. एका झाडाला संतोषने स्वतःच मिठी मारली. हात एकमेकांना पोचेनात.

"डहाळ्या भाजल्या की धूर होतो, तो मी वजा करते," मीनाक्षीने त्याला सांगितलं. "पण मोठा साठा खोडात, मुळांत, मातीत आहे. ऐन काढून उतार सपाट केलास की तो गेला. झाडं राखलीस म्हणून उद्या कुणी पैसे देईल, असं मात्र मी सांगणार नाही."

"मग आमी खायाचं काय, कार्बन?"

संतोषच्या आईने तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली म्हणून निभावलं. जेवताना संतोष कॅम्पच्या गोष्टी सांगत होता. "लय मोकळा माळ तो. दुपारी तंबूची भट्टी हुती. पाव्हणे गाडीत एसी लावून बसत्यात." एवढं बोलून तो उताराकडे बघत राहिला.

"आबा, ह्यांना पालवी कवा फुटती?"

"मे लागला की. का रं?"

"झाडांच्या बुडाचं खळं रिकामंच असतंय की. दोन तंबू तितं सावलीत बसतील. ऐन ऱ्हाऊ द्या."

आबांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

परतताना तळेगाव सोडून आम्ही उलटे लोणावळ्याला गेलो, कारण चिक्की. डोंगरउतारांवरचे बंगले बघून मीनाक्षी उसासे टाकत होती आणि माझ्या वाट्याची चिक्की संपवत होती.

घरी आल्यावर तिने तो तांबडा तुकडा हिरवा केला. पडद्यावर तो तिळाएवढा दिसतो. आता बाकीचे तांबडे तीळही पायी जाऊन बघायचे आहेत म्हणे. टेपच्या दुसऱ्या टोकाची नेमणूक कायम आहे.

मे अखेरीस संतोषचा फोटो आला. खळ्यावर दोन तंबू, वर गच्च पालवी, आणि पाव्हण्यांवर नजर ठेवून खुर्चीत बसलेले आबा. खाली एवढंच लिहिलं होतं: "शेंडे हायेत."